फुटबॉल क्लबांची तिकिटे सामान्य समर्थकाला परवडतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थेट उत्तर द्यायचे झाले तर तिकिटे परवडतात की नाही?

वर्षाकाठी एखादाच सामना पाहायचा असेल, तर युरोपातील बहुतेक मोठ्या क्लबांचे तिकीट नोकरदार माणसाला परवडते. परंतु दर दुसऱ्या आठवड्याला, शक्यतो मुलांना सोबत घेऊन आणि संघ हरत असतानाही जो मैदानावर हजर असतो, त्या समर्थकाचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या बाजूने पाहिले, तर इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील अनेक क्लबांचे दर आवाक्याबाहेर गेले आहेत असेच म्हणावे लागते. जर्मनीच्या बुंडेसलिगामध्ये उभे राहून सामना पाहण्याची सोय असल्यामुळे परिस्थिती पुष्कळ बरी आहे. हा वाद इंग्लंडमध्ये सर्वाधिक तापलेला असल्याने पुढील बहुतेक उदाहरणे तेथील आहेत.

दर परवडणारा आहे की नाही, हे मोजायचे कसे?

क्लब बहुधा दरपत्रकातील सर्वांत कमी आकडा पुढे करतात. पण त्या दराची आसने किती आहेत, ती मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात आहेत आणि विक्री सुरू झाल्यावर ती किती वेळ शिल्लक राहतात, हे दरपत्रकावरून कळत नाही. त्यापेक्षा एका कुटुंबाला एका सामन्यासाठी किती तासांची मजुरी खर्च करावी लागते, हे पाहणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने ऐन हंगामाच्या मध्यावर सदस्यांसाठीच्या उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पाउंड केला आणि त्या तिकिटांवर मुलांना व ज्येष्ठांना मिळणारी सवलत बंद केली. त्याआधी प्रौढांसाठी कमीत कमी दर ४० पाउंड आणि मुलांसाठी २५ पाउंड होता. म्हणजे आई, वडील आणि दोन मुले अशा चौघांना पूर्वी १३० पाउंडांत सामना पाहता येत असे, तेथे आता २६४ पाउंड लागणार होते. त्या वेळी ब्रिटनमध्ये प्रौढांसाठीचे किमान वेतन तासाला ११.४४ पाउंड होते. त्या वेतनावर काम करणाऱ्याला एका तिकिटासाठी जवळपास पावणेसहा तास आणि चौघांसाठी तेवीस तास राबावे लागते, तेही कर वजा होण्यापूर्वीच्या हिशेबाने. प्रवास, खाणेपिणे आणि मुलाने हट्ट धरलेला गळपट्टा यांचा खर्च यात धरलेला नाही. प्रीमियर लीगच्या हंगामात घरच्या मैदानावर १९ सामने होतात, हे लक्षात घेतले की नियमित जाणे म्हणजे काय, याची कल्पना येते.

पूर्वी तिकिटे खरोखरच स्वस्त होती, की हे केवळ गतकाळाचे गोडवे आहेत?

खरोखरच स्वस्त होती, आणि त्याला चांगला लेखी पुरावा आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील शिफारशींमुळे वरच्या स्तरांवर खेळणाऱ्या क्लबांच्या मैदानांवर उभे राहण्याच्या जागा जाऊन सर्वत्र आसने आली. आसने बसवल्यामुळे सामान्य माणूस मैदानाबाहेर फेकला जाईल, ही भीती तेव्हाही बोलून दाखवली गेली होती. त्यावर टेलर यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला: तेथे आसनाचे तिकीट ६ पाउंडांना आणि उभे राहण्याचे ४ पाउंडांना मिळत होते. ब्रिटनमधील ग्राहक किमती तेव्हापासून सुमारे अडीच पट झाल्या आहेत. महागाईच्याच वेगाने दर वाढले असते, तर तेच आसन आज १५ पाउंडांच्या आसपास मिळायला हवे होते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. त्या काळची बरीच मैदाने जुनाट, अस्वच्छ आणि धोकादायक होती, आणि आजच्या दराचा काही भाग सुरक्षिततेसाठी आणि बऱ्या सोयींसाठी मोजला जातो. परंतु १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यानंतरची सगळीच दरवाढ सुरक्षिततेच्या खात्यावर टाकणे म्हणजे टेलर अहवालाचा अर्धाच भाग वाचण्यासारखे आहे.

प्रक्षेपण हक्कांतून एवढा पैसा येत असताना क्लबांना तिकिटांच्या उत्पन्नाची गरज का भासते?

समर्थकांच्या रागाचे मूळ याच प्रश्नात आहे. २०१६ ते २०१९ या तीन हंगामांच्या देशांतर्गत थेट प्रक्षेपणाचे हक्क प्रीमियर लीगने ५१३ कोटी ६० लाख पाउंडांना विकले. २०२२-२३ च्या हंगामात वीस क्लबांचे एकत्रित उत्पन्न सुमारे ६०० कोटी पाउंड होते आणि सामन्याच्या दिवशीच्या उत्पन्नाचा, म्हणजे तिकिटे, खाद्यपदार्थ आणि आलिशान कक्ष या सर्वांचा मिळून, त्यातील वाटा साधारण एक सप्तमांश होता.

आता एक साधा गुणाकार करून पाहा. साठ हजार आसनांच्या मैदानावर प्रत्येक तिकीट ५ पाउंडांनी महाग केले, तर १९ सामन्यांत ५७ लाख पाउंड जादा मिळतात. आठवड्याला दीड लाख पाउंड पगार घेणाऱ्या एकाच खेळाडूचा वर्षाचा पगार ७८ लाख पाउंड होतो. म्हणजे हजारो कुटुंबांच्या खिशाला जाणवणारी दरवाढ क्लबाच्या ताळेबंदात एका मध्यम दर्जाच्या खेळाडूच्या पगारालाही पुरत नाही.

तरीही क्लब दर वाढवतात, त्याला कारणे आहेत. प्रक्षेपणाचा पैसा लीगमधील सर्व क्लबांत वाटला जातो. तिकिटांचे उत्पन्न मात्र १९८३ पासून इंग्लंडच्या लीग सामन्यांत संपूर्णपणे यजमान क्लबाकडे राहते. त्यापूर्वी त्यातील काही भाग पाहुण्या क्लबाला द्यावा लागत असे. एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या चषक स्पर्धेत आजही तो वाटला जातो. त्यामुळे व्यवस्थापनाला स्वतःच्या हातात असलेली आणि कोणाला विचारावे न लागणारी कमाई म्हणून तिकीट आकर्षक वाटते. त्यात भर म्हणून २०२५-२६ च्या हंगामापर्यंत तीन वर्षांतील तोट्यावर साडेदहा कोटी पाउंडांची मर्यादा घालणाऱ्या लीगच्या आर्थिक नियमांकडे बोट दाखवता येत असे. ही कारणे खोटी नाहीत. परंतु खर्चाचा मोठा भाग खेळाडूंच्या पगारांचा आणि बदली शुल्काचा, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून खेळाडू घेताना मोजलेल्या रकमेचा, असताना, खर्च भागत नाही म्हणून तिकीट वाढवले, असे श्रीमंत क्लबाने म्हणणे पटण्यासारखे नाही.

मैदाने तर खच्चून भरलेली असतात. मग दर जास्त आहेत असे कसे म्हणता येईल?

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. प्रीमियर लीगमधील बहुतेक आसने खरोखरच भरलेली असतात आणि बाजाराच्या शुद्ध नियमाने पाहिले, तर अनेक क्लबांना यापेक्षाही जास्त दर लावता येतील. मात्र भरलेल्या स्टँडवरून एवढेच कळते की कोणीतरी तिकीट विकत घेतले. ते कोणी घेतले, पूर्वी तेथे कोण बसत असे आणि ती व्यक्ती आता कुठे आहे, हे कळत नाही.

समर्थक हा नेहमीच्या अर्थाने ग्राहक नसतो. दर वाढले म्हणून लिव्हरपूलचा समर्थक एव्हर्टनचे तिकीट घेत नाही. त्याच्यापुढे दोनच मार्ग असतात: मुकाट्याने पैसे मोजायचे, नाहीतर घरी बसायचे. ज्याला दुसरे दुकानच नाही, त्याने घासाघीस केली नाही म्हणून भाव योग्य ठरत नाही.

शिवाय मैदानावरचा समर्थक केवळ खेळ विकत घेत नाही, तो खेळाचा एक भाग पुरवतही असतो. २०२० मध्ये महामारीमुळे रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांनाही हे कळून चुकले. वाहिन्यांना प्रेक्षकांचा कृत्रिम आवाज वाजवावा लागला. ज्या गाण्यांमुळे आणि घोषणांमुळे प्रक्षेपणाला किंमत येते, ती गाणी म्हणणाऱ्याकडूनच त्या वातावरणाचे पैसे घेतले जातात, हा या व्यवसायातला अजब प्रकार आहे. तरुण मुलांना आपल्या मित्रांसोबत एका ठिकाणी बसण्याइतकी स्वस्त तिकिटे मिळाली नाहीत, तर पुढच्या पिढीत ही गाणी म्हणणार कोण, याचा विचार दर ठरवणाऱ्या बैठकीत क्वचितच होत असावा.

दर कमी ठेवले तर त्याचा फायदा काळाबाजार करणाऱ्यांनाच होणार नाही का?

काही प्रमाणात होऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. मागणी जास्त आणि दर कमी असला की तिकीट कोणाला मिळणार हे पैशांऐवजी रांग, सोडत किंवा जुने सदस्यत्व ठरवते, आणि या प्रत्येक पद्धतीत पळवाटा असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांची अनधिकृत फेरविक्री हा १९९४ च्या फौजदारी कायद्याच्या कलम १६६ नुसार गुन्हा आहे, तरीही ती थांबलेली नाही. मोबाइलवरील तिकिटे आणि क्लबाने स्वतः चालवलेली मूळ दरातील फेरविक्री यांमुळे तिला बराच आळा बसतो. मात्र दलाल नफा कमावतील म्हणून तो नफा क्लबानेच कमवावा, हे समर्थकाच्या दृष्टीने उत्तर होऊ शकत नाही, कारण त्याचा खिसा दोन्हीकडे सारखाच रिकामा होतो.

समर्थकांनी विरोध केल्याने खरोखर काही बदलते का?

बदलते, मात्र विरोध ठळकपणे दिसणारा असावा लागतो. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी मँचेस्टर सिटीच्या पाहुण्या समर्थकांना ६२ पाउंडांचा दर लावण्यात आला, तेव्हा सिटीकडे आलेल्या सुमारे ३,००० तिकिटांपैकी ९१२ तिकिटे न विकता परत गेली. पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला २० पाउंड पुरेत, अशी मोहीम समर्थक संघटनेने त्याच वर्षी उभी केली.

६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर जे घडले, ते अधिक परिणामकारक ठरले. लिव्हरपूलने नव्या मुख्य स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पाउंड करण्याचे जाहीर केले होते. संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो समर्थक आसने सोडून बाहेर पडले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता; सामना संपला तेव्हा गोलफलकावर २-२ अशी बरोबरी होती. काही दिवसांतच क्लबाच्या अमेरिकन मालकांनी माफी मागितली, ७७ पाउंडांचा बेत रद्द केला आणि ५९ पाउंडांचा कमाल दर दोन हंगामांसाठी गोठवला. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या समर्थकांच्या तिकिटावर ३० पाउंडांची मर्यादा मान्य केली. २०१६-१७ पासून लागू झालेली ही रक्कम त्यानंतरच्या हंगामांतही तशीच राहिली, म्हणजे महागाई लक्षात घेता ते तिकीट प्रत्यक्षात स्वस्त होत गेले.

युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संघटनेनेही हाच मार्ग धरला. पाहुण्या समर्थकांसाठी चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४-२५ साठी ६० युरो आणि २०२५-२६ साठी ५० युरो अशी कमाल मर्यादा ठरली. युरोपा लीगमध्ये ती ४० वरून ३५ युरो झाली आणि कॉन्फरन्स लीगमध्ये २० युरो राहिली. या सगळ्यात खटकणारी बाब एकच: संरक्षण मिळाले ते दुसऱ्याच्या मैदानावर जाणाऱ्यांना. घरच्या मैदानावर बसणाऱ्या फार मोठ्या संख्येला अशी कोणतीही मर्यादा लागू नाही.

जर्मनीत तिकिटे स्वस्त कशी राहिली?

पहिले कारण मालकीचे आहे. १९९८ पासून लागू असलेल्या ५०+१ नियमानुसार क्लबाच्या मूळ सदस्य संस्थेकडे मतांचे बहुमत असावे लागते; लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग यांसारखे कारखान्यांशी जोडलेले क्लब त्याला अपवाद ठरले. ज्यांना तिकीट घ्यायचे आहे, तेच सर्वसाधारण सभेत मत देणारे असले की दरवाढीचा प्रस्ताव मांडणाऱ्याला दहादा विचार करावा लागतो.

दुसरे कारण उभे राहण्याच्या जागा. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५,००० समर्थक उभे राहतात. त्याच जागेत आसने बसवली तर निम्मेही मावत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाकडून कमी पैसे घेऊनही हिशेब जुळतो. इंग्लंडमध्ये २०२२-२३ पासून वरच्या दोन स्तरांवरील क्लबांच्या मैदानांत कठड्यांसह सुरक्षितपणे उभे राहण्यास परवानगी मिळाली खरी, पण तेथे एका आसनामागे एकच माणूस असा नियम आहे. जागा वाढली नाही, म्हणून दर उतरण्याचे कारणही निर्माण झाले नाही.

तिसरे कारण वृत्तीचे म्हणता येईल. बायर्न म्युनिचचे तत्कालीन अध्यक्ष उली होएनेस यांनी एकदा स्पष्ट सांगितले होते की, हंगामी तिकीट (पूर्ण हंगामातील घरच्या सामन्यांचे एकत्र तिकीट) महाग करून मिळणारे वीसेक लाख पाउंड क्लबाच्या दृष्टीने किरकोळ आहेत, समर्थक म्हणजे दूध काढण्यासाठी बांधलेल्या गाई नव्हेत, आणि फुटबॉल सर्वांसाठी असले पाहिजे.

यावरून जर्मनीत सगळे आलबेल आहे असा समज करून घेऊ नये. २०१० मध्ये शाल्केच्या मैदानावर उभे राहण्याच्या तिकिटाला २० युरोंपेक्षा जास्त मागितल्यावर डॉर्टमुंडच्या समर्थकांनी बहिष्काराची मोहीम सुरू केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये श्टुटगार्टमधील चषक सामन्यात त्यांनी महाग तिकिटांच्या निषेधार्थ मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले आणि खेळ थांबवावा लागला. तेथील दर नुसत्या नियमाने कमी राहिलेले नाहीत. ते कमी राहावेत म्हणून सतत भांडणारी माणसेही तेथे आहेत.

मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत मिळतेच ना?

बहुतेक क्लबांत मिळते, पण तिचे क्षेत्र आक्रसत चालले आहे. मँचेस्टर युनायटेडचे उदाहरण वर आलेच आहे. टॉटनहॅमने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी नवी सवलतीची हंगामी तिकिटे न देण्याचा आणि जुन्या धारकांची सवलत टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. चाळीस-पन्नास वर्षे येणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर पूर्ण दर मागणे हिशेबाच्या वहीत शहाणपणाचे दिसेल, पण त्यातून निष्ठेची जी किंमत ठरते ती समर्थक विसरत नाहीत. इंग्लंड व वेल्समधील फुटबॉल समर्थक संघटनेने २०२४-२५ च्या हंगामात निष्ठेची पिळवणूक थांबवा, अशा अर्थाची मोहीम चालवली ती याच असंतोषातून.

मागणीनुसार बदलणारे दर म्हणजे काय?

विमानाच्या तिकिटाप्रमाणे मागणी वाढली की दर आपोआप वाढवण्याची ही पद्धत आहे. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने ती वापरली आणि जोरदार टीका झाल्यावर निष्ठावान समर्थकांसाठी ६० डॉलरचा मर्यादित कोटा जाहीर केला. प्रतिस्पर्ध्यानुसार सामन्यांची अ, ब, क अशी श्रेणी लावून दर ठरवणे क्लबांना पूर्वीपासून परिचित आहे; त्यात निदान दर आधी कळतो आणि महिन्याच्या खर्चाची आखणी करता येते. मागणीनुसारच्या दरात तीही सोय राहत नाही.

कमी दर ठेवून किंवा फुकट प्रवेश देऊन क्लब चालवता येतो का?

काही क्लबांनी ते करून दाखवले आहे. ब्रॅडफर्ड सिटीने २०१५-१६ साठी हंगामी तिकीट १४९ पाउंडांना दिले आणि तिसऱ्या स्तरावर खेळत असूनही त्यांचे मैदान भरू लागले. मँचेस्टर युनायटेडची मालकी ग्लेझर कुटुंबाकडे गेल्याला विरोध म्हणून २००५ मध्ये स्थापन झालेल्या एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टरने ठरावीक किमान रकमेवर हंगामी तिकिटासाठी ज्याला जमेल तेवढे द्यावे, अशी पद्धत आणली. फोर्टुना ड्युसेलडॉर्फने २०२३-२४ मध्ये प्रायोजकांच्या पैशांतून काही घरचे सामने सर्वांसाठी मोफत केले. ऑक्टोबर २०२३ मधील पहिल्याच मोफत सामन्यासाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले आणि कायझर्सलाउटर्नविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून संघ ४-३ ने जिंकला, हा मात्र निव्वळ योगायोग. त्याच हंगामात पॅरिस एफसीनेही आपल्या मैदानाचे दरवाजे विनामूल्य उघडले.

या उदाहरणांतून सरसकट नियम काढता येत नाही. ड्युसेलडॉर्फ आणि पॅरिस एफसी या दोघांकडेही रिकामी आसने होती, त्यामुळे त्यांना गमवायचे फार थोडे होते. खालच्या विभागांतील अनेक लहान क्लब तर खरोखरच दारावर जमणाऱ्या पैशांवर जगतात. तेथे तिकिटाचे २० पाउंड मागणे लोभाचे लक्षण नसते. ज्यांना दर उतरवणे सर्वांत सोपे आहे ते श्रीमंत क्लब, आणि मागणी अफाट असल्यामुळे दर उतरवण्याची सर्वांत कमी निकड असलेलेही तेच. या गुंत्यामुळे हा प्रश्न केवळ क्लबांच्या सदिच्छेवर सोडता येत नाही.

मग सरकार दर ठरवून देणार आहे का?

नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल प्रशासन कायदा मंजूर झाला आणि इंग्लंडमधील पुरुषांच्या वरच्या पाच स्तरांतील क्लबांसाठी स्वतंत्र नियामक अस्तित्वात आला. तिकिटांचा दर निश्चित करण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही. मात्र दरांबाबत समर्थकांशी सल्लामसलत करणे क्लबांवर बंधनकारक ठरते. सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे, त्यामुळे तिचा उपयोग समर्थकांचे प्रतिनिधी तेथे काय मागतात यावर अवलंबून राहील. सर्वांत स्वस्त दराची आसने नेमकी किती, सवलतीची तिकिटे मैदानाच्या कोणत्या भागात, हंगामाच्या मध्यावर दर बदलणार नाहीत याची लेखी हमी आहे का, आणि प्रस्तावित वाढीतून किती रक्कम अपेक्षित असून ती कशावर खर्च होणार, हे चार प्रश्न निर्णय झाल्यावर नव्हे तर त्याआधी विचारले गेले, तर क्लबाला आकड्यांसह उत्तर द्यावे लागेल.